लिफ्टवाल्याने पाहिलेला कोलंबिया

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. बोगोटा, सान हिल आणि मेदेयीन असा कोलंबियाचा फेरफटका पैसे वसूल आहे. शहर आणि डोंगर-नदी दोन्ही एकाच सहलीत हवं असेल तर खुशाल जा. पथ्य एकच. तिथल्या लोकांनी स्वतःच्या रोजच्या वापरासाठी जे बांधलंय ते बिनधास्त घ्या, आणि जे पाहुण्यांसाठी सजवून ठेवलंय त्याला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारा.

माझी उभी हयात लिफ्टच्या देखभालीत गेली. दोर, पुली, ब्रेक, गव्हर्नर (वेग हाताबाहेर गेला की लिफ्ट रोखणारं यंत्र) यांच्याशीच संसार केला म्हणा ना. त्यामुळे हा शेरा थोडा एकांगी वाटेल. कुठल्याही इमारतीत शिरलो की झुंबर बघायच्या आधी मी लिफ्टचं दार किती सेकंदांत मिटतं ते बघतो. पुतण्याला राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग करायचं होतं, मला मेदेयीनचा रोपवे बघायचा होता. सौ.ने विमानप्रवासाचे तास मोजले आणि "तुम्ही दोघं जाऊन या" म्हणून मोकळी झाली.

बोगोटा २,६४० मीटरवर आहे. उतरल्या उतरल्या दोन जिने चढून दम लागला तर घाबरू नका, सगळ्यांनाच लागतो. शहराच्या पूर्वेला डोंगरांची भिंत आहे आणि तिच्यावर ३,१५२ मीटरवर मोन्सेर्रातेचं पांढरं चर्च. वर जायला १९२९ पासून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे, आणि १९५५ पासून रोपवे आहे. तिसरा मार्ग पायऱ्यांचा. नवस बोललेली माणसं आणि व्यायामवाले तोच घेतात, आणि पुतण्यानेही तोच घेतला. मी दोरावरून गेलो आणि वर गरम चॉकलेट पीत त्याची वाट बघितली. या चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे टाकतात, विरघळले की चमच्याने खायचे. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या थंडीत झकास लागतं.

बोगोटात तुमच्या वाट्याला एक रविवार आलाच पाहिजे अशी तिकिटं काढा. दर रविवारी आणि सणाच्या सुट्टीला सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत शहरातले मोठमोठे रस्ते मोटारींना बंद करून सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना देतात. याला सिक्लोविआ म्हणतात. १९७४ मध्ये सुरू झालेला हा प्रकार आता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्त्यांवर पसरलाय. मॅरेथॉनसारखा वर्षातून एकदाचा सोहळा नाही, दर आठवड्याचं ठरलेलं काम आहे आणि ते त्याच सहजतेने होतं. चौकात गणवेशातली पोरं-पोरी दोरी धरून उभी असतात. आडवी वाहनं जायची वेळ झाली की दोरी ताणतात, शेकडो सायकली थांबतात, दोरी सैल झाली की पुन्हा लोंढा सुटतो. आजोबा, स्केट्सवरची मुलं, कुत्र्यांना घेऊन पळणाऱ्या बायका, सायकलच्या टोपलीत बसलेलं बाळ, सगळे एकाच रस्त्यावर. कडेला जागोजागी सायकलींचे पंक्चर काढणारे आणि संत्र्याचा रस विकणारे. आम्ही भाड्याच्या सायकली घेऊन सातव्या मार्गाने उत्तरेकडे गेलो. चढ नावापुरता आहे, गुडघ्यांनी तक्रार केली नाही. पाचपैकी पाच.

त्याच दुपारी सोन्याचं संग्रहालय उरकता येतं. रविवारी प्रवेश मोफत असतो, सोमवारी बंद. 'उरकता येतं' म्हणालो खरा, पण मी एका काचेसमोर इतका वेळ उभा होतो की पुतण्या कंटाळून बाहेर कॉफी प्यायला गेला. स्पॅनिश यायच्या आधीपासून या भागात राहणाऱ्या मुइस्का लोकांचा सोन्याचा तराफा. लांबी जेमतेम वीस सेंटीमीटर. मधोमध सरदार, त्याच्याभोवती लहान लहान माणसं, कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या तोंडावर मुखवटे. अंगाला सोन्याची पूड फासून ग्वाताविताच्या तळ्यात उतरणाऱ्या सरदाराची कथा ऐकून युरोपातले लोक एल दोरादो, म्हणजे सोन्याचा मुलूख, शोधत वेड्यासारखे भटकले, तोच हा प्रसंग. मेणाचं मॉडेल, त्यावर माती, मेण वितळवून बाहेर आणि सोनं आत, अशा ओतकामाने केलेला. तारेसारख्या बारीक भागांतही धातू पोचलाय. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना सापडला. ओतकाम थोडंफार जाणणाऱ्या माणसाला तिथून हलवणं अवघड आहे.

बोगोटाच्या खाण्याबद्दल थोडक्यात. आख्याको म्हणजे तीन जातींचे बटाटे, कणीस आणि ग्वास्कास नावाची पालेभाजी घातलेलं दाट सूप. त्यात कोंबडी असते, शाकाहारी असाल तर आधी विचारा. आरेपा म्हणजे मक्याची जाड भाकरी, तिच्यात चीज असलं तरच मजा. आणि टपरीवर आग्वापानेला मागा. पानेला म्हणजे आपला गूळच, त्याचं गरम पाणी, वर लिंबू. सर्दी झालेल्या पुतण्याला मी तेच पाजत होतो. देशाची कॉफी जगप्रसिद्ध असली तरी रस्त्यावर थर्मासमधून मिळणारा बिनदुधाचा पेला अगदीच साधा असतो. चांगली कॉफी प्यायची तर दुकानात बसून प्या.

बोगोटाहून सान हिलला बस सात-आठ तास घेते. रस्ता वळणावळणाचा, खिडकीशेजारची जागा घ्या आणि पोट हलकं ठेवा. सांतांदेर प्रांतातलं हे गाव साहसी खेळांसाठी ओळखलं जातं. फोन्से आणि सुआरेस या दोन नद्या, जवळच चिकामोचाची अवाढव्य दरी, गुहा, धबधबे, पॅराग्लायडिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. गावात दर तिसऱ्या दारावर कसली ना कसली पाटी. आणि इथेच ते चार प्रश्न लागतात.

पॅराग्लायडिंगसाठी आम्ही ज्यांच्याकडे अनामत भरली त्यांचं नाव लिहीत नाही. टेकडीवर पोचलो, वारा छान होता, पुतण्या हेल्मेट घालून तयार. त्याला हार्नेस चढवत असताना माझं लक्ष मांडीच्या पट्ट्याकडे गेलं. शिवणीचे दोरे सुटून केसाळ झालेले. मग हुक बघितला. त्याची फिरकी फिरवून बंद करायची असते, म्हणजे भार आला तरी तोंड उघडत नाही. ती फिरकी अर्ध्यावरच अडकत होती. मी पट्ट्याच्या आतलं लेबल उलटून बघितलं, उत्पादनाची तारीख घासून गेलेली. हा हार्नेस किती जुना, शेवटची तपासणी कधी, असं पुतण्याच्या मोडक्या स्पॅनिशमधून विचारलं. पायलट हसून म्हणाला, "त्रांकिलो, त्रांकिलो." म्हणजे निवांत राहा. मी म्हटलं, उतरव. पुतण्याचा चेहरा पडला. "काका, रोज पन्नास जण उडतात यांच्याकडे." रोज पन्नास जण जिच्यातून जातात अशा कितीतरी लिफ्ट मी आयुष्यात बंद करून आलोय. अनामत परत मिळाली नाही, परतीची गाडी मात्र तासभर थांबवून दिली, ते एक उपकारच.

दुसऱ्या दिवशी राफ्टिंगला गेलो ते अगदी उलट टोक. नदीत पाय घालायच्या आधी अर्धा तास नुसतं शिकवणं. वल्हं कसं धरायचं, त्याची वरची मूठ कधीच का सोडायची नाही, म्हणजे शेजाऱ्याचे दात शाबूत राहतात. पाण्यात पडलात तर पाय पुढे करून, बोटं पाण्याच्या वर ठेवून, पाठीवर वाहत जायचं. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडात अडकतो आणि मागचं पाणी माणसाला दाबून धरतं. मग गाईडने प्रत्येकाच्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघितले. माझं हनुवटीपर्यंत आलं, तेव्हा त्याने सगळे पट्टे पुन्हा आवळले. श्वास थोडा अडकला, पण मनातून मी त्याला प्रमाणपत्र देऊन टाकलं. होडीच्या पुढे एक कयाकवाला, म्हणजे छोट्या एकट्याच्या होडीतला माणूस, सतत असतो, कुणी वाहून गेलं तर उचलायला.

मी फोन्सेवर गेलो. ही नदी सौम्य ते मध्यम, साठी ओलांडलेल्या पण धडधाकट माणसाला झेपते. गाईड मागून "आदेलान्ते" ओरडला की सगळ्यांनी पुढे वल्हवायचं, "आल्तो" म्हटलं की थांबायचं. लाट अंगावर येते तेव्हा वल्हं हवेतच फिरतं आणि आपण उगाच मेहनत करतोय असं वाटतं, पण तेवढ्यात होडी सरळ झालेली असते. पुतण्या सुआरेसवर गेला. तिथल्या लाटा चौथ्या-पाचव्या श्रेणीतल्या, म्हणजे फार अवघड, पोहता येणाऱ्यांनीच जावं. परत आला तो दोन तास एकटाच बोलत होता. ज्यांनी आधी शिकवलं त्यांच्यासाठी पाचपैकी पाच, आणि पैसे थोडे जास्त पडले तरी द्या.

सान हिलला तळ ठोकलात तर बारिचारा चुकवू नका. अठराव्या शतकातलं दगडी फरशांचं, पांढऱ्या भिंतींचं गाव. तिथून ग्वानेपर्यंत जुना राजमार्ग जातो, दगड बसवलेला, बहुतेक उतरता. दोन-अडीच तास पुरतात. सावली फार नाही, सकाळी लवकर निघा. या प्रांतात मोठ्या मुंग्या भाजून, मीठ लावून पाकिटातून विकतात. पुतण्याने खाल्ल्या, "शेंगदाण्यासारख्या" म्हणाला, मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

आता मेदेयीन. ज्यासाठी मी निघालो होतो ते.

शहर आबुर्रा दरीत, पंधराशे मीटरवर. तळाला नदी, नदीला समांतर १९९५ पासून धावणारी मेट्रो, आणि दोन्ही बाजूंच्या उतारांवर वरपर्यंत चढत गेलेली विटांची घरं. ही वस्ती खेड्यांतून हिंसाचाराने हाकललेल्या, कामासाठी आलेल्या लोकांनी हाताने उभी केली. वर बस नीट जात नव्हती. २००४ मध्ये शहराने तिथे लाईन के नावाचा रोपवे टाकला, आसेवेदो स्टेशनपासून सांतो दोमिंगोपर्यंत. शहरी सार्वजनिक वाहतुकीचा भाग म्हणून रोपवे चालवण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. मेट्रोतून उतरून वरच्या मजल्यावर गेलं की त्याच भाड्यात पाळण्यात बसायचं. एका फेरीचे तीन-चार हजार पेसो. हजारांचे आकडे ऐकून दचकू नका, तिथे पाण्याची बाटलीही हजारांत असते.

स्टेशनात मी बाकाशेजारी उभा राहून नुसता बघत होतो. दोर थांबत नाही, सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगाने अखंड फिरत असतो. पाळणा स्टेशनात शिरताना त्याची पकड उघडते, तो दोर सोडतो, आणि वर लावलेल्या रबरी चाकांची रांग त्याला हळूहळू मंद करत माणसाच्या चालीवर आणते. दार उघडतं, दहा माणसं उतरतात-चढतात, दार मिटतं. पुढची चाकं त्याला पुन्हा वेग देतात, आणि दोराचा वेग गाठला की पकड मिटते. 'कट्' असा एक आवाज येतो. त्या आवाजात कुठे खरखर, कुठे उशीर? मी बराच वेळ कान देऊन ऐकलं. एकही पाळणा चुकला नाही. कर्मचारी मला हटकायला आला, पुतण्याने माझा धंदा सांगितला, तेव्हा त्याने हसून छताकडे बोट केलं आणि चाकांचे पट्टे कुठे बदलतात ते खुणांनी दाखवलं. सहलीतला सगळ्यात आनंदाचा वेळ विचाराल तर हाच.

पाळण्यात शाळेची पोरं, बाजाराच्या पिशव्या, झोपलेला सिक्युरिटी गार्ड. खाली पत्र्यांवर वाळत घातलेले कपडे, गच्चीवर कुत्रा. मी आणि पुतण्या सोडून बाहेर कुणीच बघत नव्हतं, कारण त्यांच्यासाठी ती रोजची गाडी आहे. सांतो दोमिंगोहून पुढे लाईन एल जंगलावरून आर्वी उद्यानात नेते. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि वर हवा गार असते, स्वेटर न्या.

कोमुना १३ या डोंगरउतारावरच्या वस्तीतले सरकते जिने बघायचेच होते. डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेले, सहा टप्प्यांचे, एकूण ३८४ मीटर. अठ्ठावीस मजली इमारत चढण्याइतका चढ ते उचलतात, फुकट. डोक्यावर नारिंगी छत, कडेला भित्तिचित्रं. उघड्यावरच्या सरकत्या जिन्याची देखभाल काय असते ते मला विचारा. पाऊस, धूळ, आणि पायरी आत जाते तिथल्या दातेरी पट्टीत अडकणारा कचरा. इथल्या पट्ट्या स्वच्छ होत्या. गणवेशातली एक मुलगी म्हातारीचा हात धरून तिला पहिल्या पायरीवर चढवत होती.

तक्रार वेगळीच आहे. सकाळी अकरानंतर तिथे पर्यटकांची जत्रा लागते. स्पीकर, नाच, टोप्या, सेल्फी. बटाट्याचं पोतं खांद्यावर घेतलेला माणूस आमच्यामागे ताटकळत होता आणि पुढची टोळी जिन्याच्या तोंडाशी फोटो काढत होती. आम्ही पैसे देऊन घेतलेल्या मार्गदर्शकाने कोकेनचा कुप्रसिद्ध तस्कर पाब्लो एस्कोबार याच्या नावावर तासभर काढला. या वस्तीची खरी जखम ऑक्टोबर २००२ ची आहे. बंडखोरांना हुसकवायला सैन्य आणि पोलीस ऑपरेशन ओरिओनच्या नावाने इथे घुसले. त्या काळात गायब झालेली माणसं समोरच्या डोंगरावरच्या ला एस्कोंब्रेरा या राडारोड्याच्या ढिगाऱ्यात पुरली आहेत असं त्यांच्या आया वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. कुणी ऐकलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे पहिले अवशेष सापडले. मार्गदर्शक निवडताना हे सांगणारा निवडा. आणि सकाळी आठला जा, तेव्हा जिने रहिवाशांचे असतात.

शहराच्या मध्यभागी बोतेरो चौकात इथलाच शिल्पकार फेर्नांदो बोतेरो याचे २३ गोलमटोल ब्राँझ पुतळे उघड्यावर आहेत, पोरं त्यांच्या पायांवर चढतात. पण थोडं चालून सान आंतोनियो उद्यानात जा. तिथे बोतेरोचा एक पक्षी आहे, जून १९९५ मध्ये त्याच्यात ठेवलेल्या बाँबने पोट फाटलेला. वीसहून अधिक माणसं मेली. बोतेरोने तो हलवू दिला नाही, आणि २००० साली शेजारी नवा, धड पक्षी बसवला. फाटलेल्या ब्राँझच्या कडा आतून बाहेर वळल्यात. मी हात लावला, पुतण्याने फोटो काढला नाही.

ग्वातापेच्या खडकाबद्दल माझं आणि पुतण्याचं मत जुळत नाही. उत्तरेच्या बसस्थानकावरून दोन तासांत पोचता येतं. दोनशे मीटरहून उंच एकसंध खडक, त्याच्या भेगेत शिवणीसारखा चढत गेलेला सातशेच्या आसपास पायऱ्यांचा जिना, पायऱ्यांवर आकडे रंगवलेले. वरून धरणाचं पाणी आणि शेकडो हिरवी बेटं दिसतात. सुंदर आहेच. शेजारच्या दोन गावांचा या खडकावर हक्क सांगण्याचा जुना तंटा. ग्वातापेवाल्यांनी खडकावर गावाचं नाव रंगवायला घेतलं, ते अर्ध्यावर अडवलं गेलं, म्हणून आजही भलंमोठं 'जी' आणि 'यू'चा पहिला दांडा तेवढा दिसतो. याचं मला फार हसू आलं. पण आम्ही एजन्सीची दिवसभराची सहल घेतली होती, तिने दोन दुकानं, कर्कश गाण्यांची बोट आणि थंडगार जेवण यांत दिवस घालवला आणि खडकाला दीड तास दिला. पुतण्या म्हणतो दृश्यासाठी सगळं माफ. मी म्हणतो सरकारी बसस्थानकावरून साधी बस धरा, निम्म्या पैशात होतं. आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांनी खालूनच बघावं, इथे लिफ्ट नाही.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, भारतात परतताना ते मागतात. डिसेंबर ते मार्च तुलनेने कोरडे, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस जास्त, नद्याही चढलेल्या. गर्दीच्या बसमध्ये मोबाईल खिशाबाहेर काढू नका. रात्री टॅक्सी ॲपवरूनच बोलवा. स्पॅनिशचे शंभर शब्द शिकून जा, इंग्रजीवर फार भिस्त ठेवू नका.

वेळ कमी असेल तर ग्वातापे गाळा, सान हिल ठेवा. मेदेयीनमध्ये लाईन के दोनदा करा, एकदा सकाळच्या गर्दीत आणि एकदा दिवे लागल्यावर.